'त्राटिका' की 'माणसाळवणे'?

प्रश्न : शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चं वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी केलेलं रूपांतर शाहूनगरवासी मंडळी ही नाटक कंपनी 'त्राटिका' या नावाने करत असे. 'श्रू'ला (भांडखोर बाईला) हा शब्द चपखल बसतो का? 'कजाग' का नको?

प्रतिसाद : त्राटिका म्हणजे रामायणातली ताटका. मुळात सुकेतूची मुलगी, यक्षिणी. अगस्त्यांच्या शापाने राक्षसी झालेली. विश्वामित्र रामाला सांगतात, 'न हि ते स्त्रीवधकृते घृणा कार्या'. (इथे घृणा म्हणजे दया, आजच्या मराठीतला तिटकारा नव्हे.) कजाग बाई भांडते, त्राटिका मात्र मारण्यासाठीच असते, आणि तिला मारणाऱ्याला दोष लागत नाही. 'श्रू' हे मुळात चिचुंद्रीसारख्या एका लहानशा प्राण्याचं नाव, मध्ययुगीन इंग्रजीत ते दुष्ट पुरुषालाही लावत. मराठी शब्द मूळ शब्दापेक्षा फार कठोर आहे.

प्रतिसाद : तुमचं पटलं, पण मला जास्त खटकतं ते 'टेमिंग' (काबूत आणणं) गळणं. मूळ नावात नवऱ्याची करणी आहे, मराठीत उरला तो फक्त बाईचा दोष. चौथ्या अंकातल्या स्वगतात हा नवरा, पेत्रुचिओ, आपली रीत उघड सांगतो आणि ती ससाणा पाळणाऱ्याची आहे : रानातून धरलेल्या पाखराला उपाशी ठेवायचं, डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, मग ते हाकेला येतं. त्याच्या बायकोचं, केटचं, तेच होतं. मांस करपलंय म्हणून तो ताटं उधळतो, बिछान्यात खोट काढून उशा-पांघरुणं भिरकावतो, रात्रभर आरडाओरडा करतो, आणि हे सारं तिच्या काळजीपोटी चाललंय असं भासवतो. तिच्यावर हात उगारत नाही, म्हणून प्रेक्षक हसतो. अंगावर काटाही त्यामुळेच येतो.

यासाठी आपल्याकडे 'माणसाळवणे' हा नेमका शब्द आहे. इंग्रज ससाणे पाळणारेही याला 'मॅन' हेच क्रियापद वापरत. 'वठणीवर आणणे' नको; त्यात बाई आधीच बिघडलेली आहे हे गृहीत धरलेलं असतं.

प्रश्न : मग केटच्या शेवटच्या भाषणातल्या 'कीपर'चं काय करायचं? 'रक्षणकर्ता' चालेल?

प्रतिसाद : नाही. केटच्या त्या ४४ ओळींत नवरा 'कीपर' आहे, आणि ससाण्याच्या स्वगतातही 'कीपर'चीच हाक आहे. 'रक्षणकर्ता' म्हटलं की दुवा तुटतो. दोन्हीकडे 'पाळणारा' ठेवा.