टिपवरचा कर गेला, पण मूळ पगाराचं काय?

"टिपवरचा कर माफ झाला, वेटर लोकांचं भलं झालं" असं अमेरिकेतल्या नव्या कायद्याबद्दल म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. २०२५ च्या कायद्यातली सूट फक्त फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, आयकरात आहे, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपवर, आणि तीही २०२८ पर्यंतच. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांचे मिळून ७.६५ टक्के पूर्वीसारखेच कापले जातात. शिवाय अविवाहित माणसाच्या पहिल्या १५,७५० डॉलरवर २०२५ साली आयकर तसाही नाही. म्हणजे जे सगळ्यात कमी कमावतात, त्यांच्या हातात या सुटीतून काहीच पडत नाही.

खरं दुखणं मूळ पगाराचं आहे, आणि या चर्चेत ते बाजूलाच राहतं. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं फेडरल किमान वेतन तासाला २.१३ डॉलर, १९९१ पासून ते हललेलं नाही. टिप धरूनही तासाचे ७.२५ डॉलर, म्हणजे सर्वसाधारण फेडरल किमान वेतन, भरले नाहीत, तर उरलेले मालकाने द्यायचे असा नियम आहे. माझी मुलगी कॉलेजात असताना टेक्सासमध्ये एका रेस्टॉरंटात दुपारच्या शिफ्टला जायची. एका आठवड्यात गिऱ्हाईकच नव्हतं, हिशेब केला तर तासाला सहा डॉलरही पडत नव्हते. तिने फरक मागितला, तर पुढच्या आठवड्यापासून तिच्या शिफ्टच कमी झाल्या. रडत फोन आला होता तिचा. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात मालकाला टिप न धरता पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, आणि तिथेही रेस्टॉरंटं चालूच आहेत.