दोन सीटची ऑफ-रोड बग्गी: जुनी चासी कापावी, तयार आराखडा घ्यावा की फ्रेम स्वतः आखावी?

मुरूमवाट

नमस्कार मंडळी. दोन जणांची बग्गी बांधायची आहे. वापर फक्त माती, दगडगोटे आणि चढउतारांवर. रस्त्यावर न्यायची नाही. इंजिन ठरलंय: पुढची चाकं फिरवणाऱ्या छोट्या कारचं, आडवं बसणारं १ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याच्याच गिअरबॉक्ससकट. ते सीटच्या मागे बसेल आणि मागची चाकं फिरवेल. त्याच कारचे नकल (हबला धरून सस्पेंशनला जोडणारे भाग), हब, ब्रेक आणि ड्राइव्ह शाफ्टही हाताशी आहेत.

अडलंय ते फ्रेमवर. चार वाटा दिसतात: त्या कारचाच तळ ठेवून वर पिंजरा उभारणं, जुन्या जीपची शिडीसारखी चासी आखूड करणं, विकतचा आराखडा आणून त्याबरहुकूम ट्यूब फ्रेम बांधणं, किंवा सगळं स्वतः आखणं. ट्यूब फ्रेम असेल तर २५.४ मिमी व्यासाची ३ मिमी जाडीची नळी घ्यावी की ३१.७५ मिमीची १.६५ जाडीची? साधी ईआरडब्ल्यू (पट्टी गोल करून लांबीभर सांधलेली नळी) चालेल की क्रोमोलीच (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत पोलादाची) हवी? हत्यारांत मिग वेल्डिंग (तार आपोआप पुढे येते ते), ग्राइंडर, ड्रिल आणि हायड्रॉलिक पाइप बेंडर आहे. टिग (टंगस्टनच्या टोकाने होणारं नाजूक वेल्डिंग) नाही.

जुना गुण्या

पहिल्या दोन वाटा सोडून द्या.

कारचा तळ एकट्याने काहीच पेलत नाही. तिची ताकद छत, खांब, दाराखालचे उंबरे आणि तळ मिळून तयार होते. छत कापलं की उरतो तो जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा, आणि दारापाशी तो वाकायला लागतो. त्यावर नळ्या उभ्या केल्या तर पहिल्या जोरदार आपटीत नळी पत्रा फाडून खाली येते. एफआयए या जागतिक मोटार-शर्यत संस्थेच्या नियमांत मुख्य रोलबारच्या (सीटमागच्या संरक्षक कमानीच्या) पायाखाली ३ मिमी जाडीची, किमान १२० चौरस सेंमीची प्लेट मागतात ती याच कारणाने. आणि पिंजराच सगळा भार घेणार असेल, तर तो पत्रा कशाला वागवायचा?

जीपची चासी उभा भार उत्तम घेते, पण पिळाला ती मऊ असते. एक चाक दगडावर आणि समोरचं खड्ड्यात गेलं की शिडी पिळते, वरचा ताठ पिंजरा मात्र पिळत नाही, आणि दोघांच्या जोडावर तडे जातात. शिवाय ती चासी पुढे बसणाऱ्या उभ्या इंजिनासाठी आहे. तुमच्या इंजिनाचा एकही माउंट तिथे जुळणार नाही.

कोणीतरी फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण देईलच, म्हणून आधीच सांगतो. ब्रूस मेयर्सने १९६४ मध्ये मँक्स बग्गी आणली. पहिल्या मोजक्या गाड्यांनंतर त्याने फायबरची बॉडी बीटलच्याच तळावर बसवली, तो तळ साडेचौदा इंच, म्हणजे ३६८ मिमी, आखूड करून. तिथे ते जमलं, कारण बीटलचा तळ बॉडीपासून सुटा होतो, मधोमध कण्यासारखा बोगदा आहे आणि इंजिन-गिअरबॉक्स मुळातच मागे लटकलेले आहेत. तुमच्या कारच्या तळात यातलं काहीच नाही.

राहिल्या ट्यूब फ्रेमच्या दोन वाटा. आता कळकळीने सांगायचं ते हे: फ्रेम आधी निवडू नका. आधी न बदलणाऱ्या वस्तू जागेवर ठेवा. इंजिन-गिअरबॉक्स, चार चाकं, दोन सीट, पेडल, स्टिअरिंग रॅक. सपाट जमिनीवर खडूने मधली रेघ मारा, चाकं लाकडी ठोकळ्यांवर ठरलेल्या उंचीला मांडा, सीटमध्ये हेल्मेट घालून बसा. दोन जणांच्या बग्गीला २२०० ते २४०० मिमी व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या अक्षांमधलं अंतर) धरून सुरुवात करा. त्याहून आखूड केली तर उतारावर नाक आपटतं आणि वेगात शेपूट फिरते. फार लांब केली तर उंचवट्यावर पोट टेकतं. पावलं पुढच्या चाकांच्या अक्षामागेच राहू द्या, मग व्हीलबेस १०० मिमीने वाढला तरी चालेल.

डोक्यासाठी बाहा एसएईचा (विद्यार्थ्यांच्या एका सीटच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेचा) नियम चांगला आहे: वरच्या नळ्यांमधून ओढलेल्या रेषेपासून हेल्मेटला किमान १५२ मिमी मोकळी जागा, अंगाला ७६ मिमी. हे सगळं साध्या पीव्हीसी पाइपने खऱ्या मापात उभं करून बघा. कोपर दरवाजाच्या नळीला लागतं का, गिअरचा दांडा मांडीत येतो का, हे कागदावर कळत नाही.

विकतचा आराखडा घ्यायचा तर एकच गोष्ट आधी तपासा: तो कोणत्या इंजिनासाठी आहे? बरेच आराखडे मोटरसायकलच्या इंजिनाचे असतात, त्यांचा मागचा भाग अरुंद. तुमचं आडवं इंजिन त्यात शिरवायला मागची प्रत्येक नळी बदलावी लागेल. मग आराखड्याचा पुढचा भाग, सीटचा पिंजरा आणि पुढचं सस्पेंशन तेवढं उचला, आणि सीटमागच्या मुख्य हूपपासून (डोक्यावरून जाणाऱ्या कमानीपासून) मागचं स्वतः आखा. तुमच्या बाबतीत मला हीच वाट योग्य वाटते.

नळीमोड

नळीच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो. २५.४ × ३ ची नळी मीटरला १.६६ किलो भरते. ३१.७५ × १.६५ ची १.२३ किलो. म्हणजे दुसरी जवळपास २६ टक्के हलकी, तरी वाकण्याविरुद्धचा ताठपणा साधारण ३१ टक्के जास्त आणि त्याच धातूत ताकद ५ टक्के जास्त. कारण धातू मध्यापासून जितका लांब तितका तो जास्त उपयोगी. दोन सीटच्या फ्रेमला तुकडे वाया जाण्यासकट ४० मीटर धरले तर १७ किलोंचा फरक.

पण जाडी कमी झाली की दोन अडचणी येतात. दगडाचा थेट मार बसला तर पातळ नळी लवकर चेपते, आणि चेपलेली नळी दाबाखाली तिथेच मोडते. म्हणून पोटाखालच्या दोन लांब नळ्या २.५ मिमी जाडीच्या घ्या, त्यांच्या खालून ३ मिमीची स्किड प्लेट (दगडांचा मार घेणारा पत्रा) बोल्टने. दुसरी अडचण वाकवण्याची, तिच्याकडे येतो.

मुख्य हूप, त्यावरून पुढे उतरणाऱ्या नळ्या आणि खालची चौकट यांना मी ३८ × २.५ घेईन, कारण दोन माणसं आणि कारचं इंजिन म्हणजे बाहाच्या एकट्या माणसाच्या गाडीपेक्षा बराच भार. तिरप्या आधारांना २५.४ × १.६५ पुरे. एफआयएचा आकडा याहून वरचा आहे: मुख्य हूप ४५ × २.५ किंवा ५० × २, बाकीच्या ३८ × २.५ किंवा ४० × २, तेही सीमलेस. पुढेमागे स्पर्धेत उतरवायची असेल तर त्या स्पर्धेचं नियमपुस्तक आजच काढा, नंतर हूप बदलता येत नाही.

क्रोमोलीने फ्रेम जास्त ताठ होत नाही. सगळ्या पोलादाची लवचीकता जवळपास सारखीच असते; क्रोमोली फक्त जास्त ताण आल्यावरच कायमची वाकते. तिचा फायदा पातळ नळी वापरून वजन कमी करण्यात, आणि तिचा सांधा चुकीच्या वेल्डिंगला क्षमा करत नाही. टिग नाही म्हणता, तर नको. चांगली कोल्ड-ड्रॉन सीमलेस (बिनसांध्याची) किंवा डीओएम (सांधून मग साच्यातून ओढलेली) नळी घ्या. ईआरडब्ल्यू तिरप्या आधारांना चालेल, पण वाकवायची झाली तर तिचा सांधा बाजूला ठेवा, वळणाच्या बाहेरच्या पाठीवर येऊ देऊ नका. तिथे ताण सर्वांत जास्त असतो.

पाण्याचा पाइप नको. पाइपचं माप आतल्या पोकळीच्या नावाने चालतं, ट्यूबचं बाहेरच्या व्यासाने. बेंडरचे साचेही वेगळे. गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्ताचा धूर छातीला घातक आणि वेल्ड सच्छिद्र.

तुमचा हायड्रॉलिक बेंडर हीच खरी अडचण. तो नळीला दोन टेकूंच्या मध्ये ढकलतो. जाड पाइपला ठीक, ३८ × २.५ ची ट्यूब मात्र आतल्या बाजूने चुरगळते. साच्याभोवती नळी ओढत नेणारा रोटरी ड्रॉ बेंडर हवा, किंवा तेवढं काम बाहेरून करून घ्या. मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, ३८ ला ११४ मिमी. वाकल्यावर नळी लंबगोल होते. लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीखाली गेला तर तो तुकडा टाकून द्या. माप काढताना वळणाची लांबी मध्यरेषेवर धरा: ११४ त्रिज्या आणि ९० अंश म्हणजे १७९ मिमी. नळी किती अंश परत उघडते ते त्याच गठ्ठ्यातल्या वायाच्या तुकड्यावर पाहून घ्या.

मुरूमवाट

खूप आभार. खडूची आखणी आजच सुरू करतो. मागच्या भागात शॉकअपचं वरचं टोक कुठे घ्यावं? दोन खांबांमध्ये एक आडवी नळी टाकून तिच्या मधोमध कान (बोल्टसाठी भोक असलेली पट्टी) लावायचा विचार होता. आणि कारचेच ड्राइव्ह शाफ्ट जसेच्या तसे चालतील का?

ताणदाब

ती आडवी नळी नको. हिशोब करून बघा. माणसांसकट गाडी ७०० किलो, मागे ६० टक्के, म्हणजे मागच्या एका चाकावर साधारण २०० किलो. आपटीला तिप्पट धरा: ६ किलोन्यूटन. शॉकअप सस्पेंशनच्या आर्मवर आतल्या बाजूला बसल्याने चाकाच्या ०.६ पटच सरकत असेल, तर शॉकअपमध्ये १० किलोन्यूटन. हे ६०० मिमीच्या नळीच्या मधोमध दिलं, तर ३१.७५ × १.६५ मध्ये वाकण्याचा ताण १३०० मेगापास्कलच्या वर जातो. साधी नळी ३०० च्या आसपासच कायमची वाकते. टोकं वेल्ड केल्याने ताण थोडा उतरेल, पण निम्म्यावर आला तरी नळी जाणारच. क्रोमोलीसुद्धा वाचणार नाही.

तोच भार तीन नळ्या जिथे मिळतात त्या गाठीवर आणला, तर नळ्या फक्त ओढल्या किंवा दाबल्या जातात. एकाच नळीने सगळे १० किलोन्यूटन घेतले तरी ताण ६४ मेगापास्कल. म्हणून शॉकअपचं टोक, आर्मचे पिव्होट (आर्म ज्यांवर फिरतो ते सांधे), इंजिन माउंट आणि सीटच्या पट्ट्यांचे हुक हे सगळे गाठीवर. गाठ जिथे नाही तिथे तिरपी नळी आणून ती तयार करा. मुख्य हूपमध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण हवाच. खांद्याच्या पट्ट्यांची आडवी नळी अशा उंचीला की पट्टे मागे आडवे किंवा २० अंशांपर्यंत उतरते जातील. जास्त उतरते गेले तर धडकेत ते पाठीचा कणा खाली दाबतात.

एक सोपी चाचणी: १ : १० मापात तांब्याच्या तारेची फ्रेम डाखून करा. मागची बाजू हातात धरून पुढची पिळा. कोणती चौकट तिरकी होते ते लगेच दिसतं. तिथे एक कर्ण डाखा आणि पुन्हा पिळा. बहुतेक वेळा सीटचा भाग सर्वांत मऊ निघतो, कारण आत-बाहेर करायला तिथे कर्ण टाकता येत नाही. मग तळात आणि छतात टाका.

शाफ्ट चालतील, पण मागच्या भागाची रुंदी तेच ठरवतात. आडव्या इंजिनाचा एक शाफ्ट लांब, एक आखूड. शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा ट्रायपॉड सांधा साधारण २० अंशांपर्यंत सुखाने चालतो. आखूड शाफ्ट ३८० मिमीचा असेल तर २० अंशांत चाक १३० मिमी वर आणि तितकंच खाली जाऊ शकतं. त्याहून जास्त प्रवास हवा असेल तर शाफ्ट लांब करून गाडी रुंद करावी लागेल. खाली लटकण्याला नायलॉनचा पट्टा बांधा, नाहीतर उडीत सांधा आतून सुटतो.

पुढचे नकल मागे लावताना स्टिअरिंगचा दांडा फ्रेमला बांधून चाक सरळ धरावं लागतं. त्या दांड्याचं आतलं टोक खालच्या आर्मच्या पिव्होटच्या रेषेत आणि लांबी आर्मएवढी हवी. चुकलं तर प्रत्येक उंचवट्यावर मागची चाकं आपोआप वळतात, आणि ती गाडी सरळ चालवता येत नाही. दांडा थेट आर्मवरच अडकवला तर ही कटकटच राहत नाही.

पहिला टाका

मिगबद्दल. १.६५ ते २.५ जाडीला ०.८ मिमी तार, आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, आणि आधी वायाच्या तुकड्यांवर टी-जोड करून करवतीने कापून बघा, आत शिरलंय का. मिग सुरू होताना धातू थंड असतो, तिथे वेल्ड नुसता वर बसतो. म्हणून सुरुवात-शेवट नळीच्या वर-खाली न घेता कडेला घ्या, तिथे ताण कमी.

नॉच (नळीच्या टोकाची, दुसऱ्या नळीवर बसणारी गोल खाच) होलसॉने काढा, कानशीने बसवा. फट १ मिमीपेक्षा जास्त असेल तर तुकडा पुन्हा कापा. फट भरायला जाल तर वेल्ड आटताना ती नळीला ओढते आणि हूप तिरका होतो.

क्रम असा: खालची चौकट टेबलावर जखडून टाके (तात्पुरते छोटे वेल्ड), मग हूप ओळंब्याने उभा करून टाके, मग बाकी सगळं, तेही टाक्यांवरच. कर्ण मोजा, दोन्हींत ३ मिमीहून जास्त फरक नको. इंजिन बसवा, काढा. निघत नसेल तर हीच वेळ: मागची एक आडवी नळी बोल्टची करा, नाहीतर क्लच बदलायला फ्रेम कापावी लागेल. मग डावी-उजवी आलटून पालटून पूर्ण वेल्ड, इंजिनाच्या जागी त्याच मापाची ताठ फ्रेम बोल्टने आवळून. सस्पेंशनचे कान सर्वांत शेवटी, थंड झालेल्या फ्रेमवर पुन्हा मोजून.

दोन्ही टोकं बंद होणाऱ्या नळीला जिथे भार कमी तिथे ३ मिमीचं भोक ठेवा. नाहीतर आतली तापलेली हवा शेवटचा सेंटिमीटर वेल्ड बाहेर फुंकते. काम संपल्यावर ते बुजवा, आत पाणी गेलं तर नळी आतून गंजते.

पहिल्या काही फेऱ्यांपुरता फिक्या रंगाचा पातळ हात द्या, पावडर कोटिंग नंतर. तडे फिक्या रंगावर गंजाच्या बारीक रेघेसारखे दिसतात: शॉकअपच्या कानाच्या टोकाशी, गसेट (सांध्याला आधार देणारा तिकोनी पत्रा) संपतं तिथे, आणि मागच्या आर्मच्या पिव्होटपाशी. तडा दिसला तर नुसता वरून वेल्ड ओढू नका. तो पूर्ण घासून काढा, टोकाला भोक पाडा, वेल्ड करा, आणि तिथे भार कुठून येतोय ते बघून नळी वाढवा.