अनुभव धागा: कॉम्प्युटरवर गाणी कशात वाजवता?

जळगाव (धागा काढणारा)

जुन्या कॉम्प्युटरच्या धाग्यावर निम्मे प्रतिसाद गाण्यांकडेच वळले, म्हणून हा वेगळा काढला. फोनवरची ॲप आणि नेटवरून ऐकणं इथे नको. डिस्कवर साठवलेली गाणी आणि दिवसभर मागे वाजत राहणारा प्लेअर, एवढ्याबद्दलच बोलू. मशीन कोणतं, गाणी कशी ठेवलीत, काय वाजवता, एवढं तरी लिहा. "माझा बेस्ट आहे" असं एका ओळीत लिहून पळू नका.

सुरुवात मी करतो. गोलाणी मार्केटमधून घेतलेला सेकंडहँड डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. हलका प्लेअर कोणता हे सेटअपची फाईल किती एमबीची आहे यावरून कळत नाही, असं माझं मत. आपण न सांगता तो मागे काय काय करतो ते बघावं. उघडल्याबरोबर सगळी डिस्क चाळणार, अल्बमची चित्रं नेटवरून ओढणार, गायकाची माहिती शोधत बसणार. फिरत्या डिस्कवर तेवढ्यात साधं एक्सेलसुद्धा उघडत नाही.

मी फूबार२००० वापरतो. पीटर पावलोव्स्की नावाच्या माणसाने २००२ मध्ये आणला. तो आधी विनॅम्प हा जुना प्लेअर काढणाऱ्या नलसॉफ्टसाठी काम करायचा. दिसायला तलाठ्याच्या रजिस्टरसारखा आहे, नुसते रकाने आणि ओळी. पण टास्क मॅनेजरमध्ये बघा, शंभर एमबीच्या आतच भागवतो. तेच गाणं ब्राउझरच्या टॅबमध्ये लावलं की आकडा शेकड्यांत जातो. इन्स्टॉल करताना "पोर्टेबल" निवडलं तर सगळ्या सेटिंग त्याच फोल्डरमध्ये राहतात. विंडोज नव्याने टाकलं तरी फोल्डर उचलून परत ठेवायचा, झालं.

धुळे

व्हीएलसी. व्हिडिओला लागतोच, मग गाण्यांना वेगळा कशाला? अर्धवट उतरलेली फाईलसुद्धा जमेल तेवढी वाजवतो. पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांचा प्रोजेक्ट होता म्हणतात, आणि २००१ पासून सोर्स सगळ्यांना खुला आहे. विषय संपला.

अमळनेर, फोटो स्टुडिओ

धुळेकर दादा, विषय एवढ्यात संपत नाही. व्हीएलसी गाणी वाजवतो हे खरं, पण हजार गाण्यांच्या यादीतून एक शोधून पुढे लावायचं म्हटलं की हात अवघडतो. तो मुळात बघायचा प्लेअर आहे.

माझ्याकडे लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम. फोटोशॉप उघडलं की बाकी कशाला रॅम उरतच नाही. एआयएमपी लावते. रशियातल्या आर्तेम इझ्माइलोव्हने २००६ मध्ये काढलेला, फुकट आहे. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ग्लोबल हॉटकी. समोर फोटोशॉप असलं तरी कीबोर्डवरची ठरवलेली बटणं दाबली की गाणं थांबतं. गिऱ्हाईक दारात आलं, "ताई, पासपोर्ट साइज अर्जंट द्या", की खिडकी शोधत बसावं लागत नाही. शिवाय त्यात शेड्युलर आहे. रात्री एक्सपोर्ट लावून घरी जाताना कॉम्प्युटर बंद व्हायची वेळ त्यातच टाकते.

स्किन, म्हणजे प्लेअरचं बाहेरचं रूप, मात्र साधी ठेवा. चमचम करणाऱ्या स्किनांनी हलका प्लेअरसुद्धा जड होतो.

शहादा, मंडप आणि साउंड

आमची गरज तुमच्यापेक्षा वेगळी आहे भाऊ. घरी गाणं चुकलं तर कोणी विचारत नाही. मंगलाष्टकं संपली आणि हात पोचायच्या आत यादीतलं पुढचं नाचाचं गाणं सुरू झालं, तर नवरीमागे उभे असलेले मामा जे बघतात ते ज्याने झेललं त्यालाच माहीत. म्हणून मी प्लेअरमध्ये सगळ्यात आधी "चालू गाणं संपल्यावर थांब" हे कुठे आहे ते बघतो. विनॅम्पमध्ये कंट्रोल आणि व्ही. फूबारमध्ये प्लेबॅक मेनूत "स्टॉप आफ्टर करंट". हे जवळ हाताशी नसेल तर तो प्लेअर कितीही हलका असो, माझ्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे विंडोजची टिंग-टाँग. हळदीच्या गाण्यात मधेच मेल आल्याचा आवाज दोन मोठ्या टॉप स्पीकरमधून निघाला की सगळा मांडव वळून बघतो. फूबारच्या सेटिंगमध्ये आउटपुटच्या यादीत त्याच साउंड कार्डाच्या नावापुढे "एक्सक्लुझिव्ह" लिहिलेली वेगळी ओळ दिसते. ती निवडली की गाणं चालू असेपर्यंत कार्ड फक्त प्लेअरच्या ताब्यात राहतं, बाकीच्यांचे आवाज बंद. घरी हे लावू नका, मग तुम्हीच विचाराल की यूट्यूबचा आवाज कुठे गेला.

चाळीसगाव, निवृत्त शिक्षक

माझ्याकडे पेटीभर कॅसेटी होत्या. कानबाईच्या रोटाला (आमच्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण) आळीतल्या बायांनी म्हटलेली गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, सगळी अहिराणीत. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. पुतण्याने टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून दिली आणि मी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये एकेक बाजू उतरवून घेतली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाईल मिनिटाला साधारण १० एमबी घेते, म्हणजे एका बाजूलाच साडेचारशे एमबी. म्हणून फ्लॅक नावाच्या फाईल प्रकारात ठेवली. जागा बरीच कमी लागते आणि आवाजातलं काही जात नाही.

खरा प्रश्न पुढे आला. एक बाजू म्हणजे एक फाईल, आणि आतली गाणी वेगळी कशी दिसायची? गाणी कापायला मन धजेना. दोन गाण्यांच्या मधे बाया हसतात, एक दुसरीला "आते तू म्हन ना वं" म्हणते, ते सगळं कापलं जाणार. यावर उपाय म्हणजे क्यू फाईल. नोटपॅडमध्ये लिहायची साधी मजकुराची फाईल असते. वर मूळ फाईलचं नाव, खाली प्रत्येक गाण्याचं नाव आणि ते कुठे सुरू होतं ती वेळ. वेळ लिहिताना मिनिटं, सेकंद आणि शेवटी फ्रेम. एका सेकंदाच्या ७५ फ्रेम धरतात, सीडीचा हिशेब आहे तो. मी फ्रेमच्या जागी सरळ दोन शून्यं टाकतो, तेवढ्याने कानाला काही फरक पडत नाही. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरी नावांचा चुराडा होतो.

फूबार आणि एआयएमपी दोघंही क्यू फाईल वाचतात. यादीत गाणी सुटी दिसतात, फाईल अखंड राहते आणि बायांचं हसूही राहतं. सौभाग्यवतींना मधलं हसूच जास्त आवडतं, ते वेगळं.

साक्री, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म सेंटर

गुरुजी, क्यू फाईल करून बघणार.

सगळे प्लेअरवर बोलताहेत, पण टॅगवर, म्हणजे फाईलच्या आतच लिहिलेल्या गाण्याच्या आणि कलाकाराच्या नावावर, कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या गाण्यांचे टॅग म्हणजे आनंद आहे. पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर आलेली गाणी, कलाकाराच्या जागी कुठल्या तरी वेबसाइटचं नाव, आणि मराठी नावं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली, म्हणजे दिसायला इंग्रजी अक्षरांचा कचरा. अशा साठ्यावर लायब्ररीवाला, म्हणजे टॅग वाचून गाणी लावणारा, प्लेअर लावला, तर तो सगळी गाणी "अननोन आर्टिस्ट" नावाच्या एकाच पोत्यात भरतो. मग लोक म्हणतात प्लेअर बेकार आहे.

दोन मार्ग आहेत. फोल्डर नीट लावलेले असतील (आमच्याकडे भक्तिगीतं, लावण्या, बाबांची नाट्यगीतं असे आहेत) तर फोल्डरवरून चालणारा प्लेअर घ्या. वनबायवन नावाचा इवलासा प्लेअर आहे, तो डाव्या बाजूला फोल्डर दाखवतो, उजवीकडे फाईली, बस. प्लेलिस्ट करायची गरजच नाही. सेंटरच्या मशीनवर माझा तोच आहे. दुसरा मार्ग, एमपी३टॅग नावाच्या मोफत प्रोग्रॅमने फाईलच्या नावावरून टॅग भरून घ्या. शेकडो गाणी एका झटक्यात होतात, फक्त फाईलींची नावं एकाच पद्धतीची हवीत. टॅगचा जुना प्रकार, आयडी३चा पहिला, ३० अक्षरांपलीकडे जात नाही आणि त्याला युनिकोड माहीत नाही. दुसरा प्रकार निवडा, देवनागरी नीट राहते.

हे झालं की म्युझिकबीसारखा लायब्ररीवाला प्लेअरसुद्धा छान चालतो. टॅग नीट असतील तर मला तो फूबारपेक्षा आवडतो. चिडू नका.

भुसावळ, रेल्वे

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि माझ्या लॅपटॉपला ११ चालत नाही. भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं. त्यात गाण्यांसाठी ऱ्हिदमबॉक्स आयता येतो, वाईट नाही. पण मी विनॅम्पचा माणूस. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून गाणी ऐकली ती त्या हिरव्या आकड्यांच्या काळ्या पट्टीवर. १९९७ चा प्रोग्रॅम, १९९९ मध्ये एओएलने कंपनीच विकत घेतली, २०१३ मध्ये बंद करतो म्हणाले आणि लगेच पुढच्या वर्षी रेडिओनॉमीने घेतला. एवढे धनी बदलले की आपल्याला विचारू नका.

लिनक्सवर ऑडेशियस हा प्लेअर घ्या. सेटिंगमध्ये इंटरफेस "विनॅम्प क्लासिक" केला की जुन्या विनॅम्पच्या स्किन फाईली जशाच्या तशा लागतात. तीच पट्टी, तोच इक्वलायझर, आणि देवनागरी नावंही दिसतात, जी जुन्या विनॅम्प २ मध्ये नुसती प्रश्नचिन्हं असायची. भाचा काळ्या टर्मिनलमध्ये (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत) सीमस नावाचा प्लेअर वापरतो, माऊस लागतच नाही म्हणे. त्याचं त्याला लखलाभ.

चोपडा, भजनी मंडळ

थोडक्यात लिहितो. एआयएमपीमध्ये टेम्पो आणि पिच वेगवेगळे फिरवता येतात. मूळ रेकॉर्डिंग पेटीच्या काळी चार पट्टीला असेल तर सूर खाली आणून आमच्या बुवांच्या काळी एकला बसवतो, लय तशीच राहते. तालीम त्यावरच. दुसरं काही येत नाही मला त्यातलं.

रावेर

आप्पांसाठी लॅपटॉप आहे. दोन-दोन तासांची कीर्तनं ऐकतात. मधेच लाइट गेली, बॅटरी उतरली, की परत पहिल्यापासून. "काऊन रे भो, महाराज परत गणपतीलेच बसले का?" यावर काही आहे का?

अमळनेर, फोटो स्टुडिओ

आहे ना. एआयएमपीमध्ये बुकमार्क आहेत. उठताना एक बुकमार्क टाकायचा, नंतर यादीतून तोच निवडला की तिथूनच सुरू. आप्पांना एकदा दाखवून ठेवा, आमच्या सासऱ्यांना जमतं.

पाचोरा

माझी अडचण वेगळी आहे. आईच्या आवाजातली जुनी रेकॉर्डिंग अगदी हळू आहेत आणि पाठोपाठ नवीन गाणं लागलं की स्पीकर दचकतो. दर गाण्याला उठून आवाज कमी-जास्त करते. सगळ्या फाईली नव्याने बनवायला लागतील का?

जळगाव (धागा काढणारा)

नाही ताई, फाईलीतल्या आवाजाला हात लावायची गरज नाही. रिप्लेगेन वापरा. प्लेअर प्रत्येक गाणं मोजतो, ते किती वर-खाली करायचं तेवढा एक आकडा टॅगमध्ये लिहितो, आणि वाजवताना तो आकडा पाळतो. उद्या नको वाटलं तर बंद करा, मूळ आवाज जसाच्या तसा.

फूबारमध्ये सगळी गाणी निवडा, राइट क्लिक, रिप्लेगेन, त्यात एकेका फाईलचा ट्रॅक गेन स्कॅन करायचा पर्याय. गाणी जास्त असतील तर वेळ लागेल, तोवर स्वयंपाक होईल. झाल्यावर "अपडेट फाइल टॅग्ज" दाबायला विसरू नका. मग प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅक उघडून सोर्स मोड "ट्रॅक" करा आणि खालच्या प्रोसेसिंगमध्ये गेनसोबत क्लिपिंग टाळणारा पर्याय घ्या. फार हळू रेकॉर्डिंग जोरात उचललं तर आवाज फाटतो, तो त्याने फाटत नाही. नवी गाणी खाली येतील, आईंची थोडी वर. मग स्पीकरचं बटण एकदाच लावायचं.

आणि टॅगमध्ये लिहिण्याआधी त्या रेकॉर्डिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.