पार्किंगच्या शटरच्या मोटरला लाइन कुठून काढायची?

रेवती_सातारा
नमस्कार. बंगल्याच्या पार्किंगला लोखंडी रोलिंग शटर आहे. आईला गुडघ्यांमुळे वाकून ते उचलवत नाही, म्हणून रिमोटची साइड मोटर बसवतोय. वायरमन म्हणतो, "पोर्चच्या दिव्याच्या बोर्डावरून दोन वायरी ओढतो, झालं काम." त्या बोर्डात अर्थिंगच नाही. मोटरवर ३७० वॅट, २३० व्होल्ट लिहिलंय. एवढ्याशा मोटरला वेगळी लाइन हवीच का? आणि लाइट गेली तर?

तारवाला
ताई, दोन वायरींना अजिबात हो म्हणू नका. मोटर चालताना दोन-अडीच ॲम्पियर घेते, तेवढं पोर्चची लाइनसुद्धा सोसेल. काळजी वेगळीच आहे. पट्ट्या, गाइड (दोन्ही बाजूंच्या उभ्या खाचा), वरचा पाइप, सगळं लोखंड. मोटरचं वाइंडिंग (आतली तार) बॉडीला लागलं की अख्ख्या शटरमध्ये करंट उतरतो. अर्थिंग नसेल तर त्याला परत जायला वाट नाही, म्हणून एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. आणि पावसात ओल्या हाताने शटरला हात लावणारी तुमची आईच असणार.

डीबीतून (घराच्या मुख्य बोर्डातून) स्वतंत्र लाइन घ्या: फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ वायर. वायर दीड स्क्वेअर एमएमची पुरते. एमसीबी ६ ॲम्पियरचा, पण सी-कर्व्ह, म्हणजे सुरुवातीचा करंटचा झटका सोसणारा. बी-कर्व्ह मोटर सुरू होताना उगाच पडू शकतो. सोबत ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. सॉकेट मोटरशेजारी वर, पण गुंडाळीपासून लांब, नाहीतर शटर वर जाताना वायर ओढून घेतं. डबल पोल स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मात्र खाली, आतून हात पोचेल असा.

लाइट गेल्यावर हातसाखळीने शटर उघडतं, इन्व्हर्टरचा खर्च नको. फक्त साखळी आतल्या बाजूला असते. पार्किंगमध्ये घरातून दार आहे ना, ते बघा.

मिरजकर
तारवालादादांशी सहमत. बसवताना शटर सारखं वर-खाली करून बघतात आणि मोटर मध्येच गप्प होते. तेव्हा वायरिंग उकरू नका, मोटर तापली की तिला बंद करणारा आतला थर्मल कट-आउट असतो. थंड झाली की चालते. आरसीसीबीचं टेस्ट बटन मात्र काम संपल्यावर वायरमनसमोरच दाबून बघा.

रेवती_सातारा
खूप आभार. घरातून दार आहे. वायरमनला वेगळ्या लाइनचं सांगितलं, तयार झाला. गाइडलाही अर्थ वायर जोडायची का? ते दोन्ही भिंतीत बसवलेले आहेत, रंगही जाड आहे.

तारवाला
जोडाच, दोन्ही गाइडना. आतल्या बाजूला, पाणी उडणार नाही इतक्या उंचीवर रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, भोक पाडून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नट-बोल्टने आवळा. रंगावर लग आवळला तर तो नुसता दिसायला असतो. आवळून झाल्यावर वरून रंगाचा हात मारा, गंज धरणार नाही.