पेग-अल्काइनची क्लिक अर्ध्यावर अडकते, माल हिरवट राहतो

प्रश्न:
प्रोटॅक, म्हणजे एखादं प्रथिन पेशीकडूनच नष्ट करवणारा दोन टोकांचा रेणू, बनवायचाय. त्याचं एक टोक म्हणजे नष्ट करणारी यंत्रणा धरणारा व्हीएचएल लिगँड; त्याच्या अमाइनला प्रोपार्जिल-पेग४-अ‍ॅसिड (पेग म्हणजे लवचिक जोडसाखळी) जोडून अल्काइन तयार आहे. त्यावर जेक्यू१-अझाइड (लक्ष्य प्रथिन धरणारं दुसरं टोक) क्लिक करायचंय, म्हणजे तांब्याच्या मदतीने अल्काइन आणि अझाइड जोडून ट्रायझोल रिंग बनवायचीय. स्केल ५० मायक्रोमोल, कॉपर सल्फेट ०.१ इक्विव्हॅलंट (अल्काइनच्या मोलच्या तुलनेत), सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट ०.५, टर्ट-ब्युटॅनॉल आणि पाणी १:१. तांब्यासाठी वेगळा लिगँड (तांबं धरून ठेवणारा रेणू) घातलेला नाही. रात्रभरानंतरही अझाइड शिल्लक, आणि एलसी-एमएसवर (रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) अल्काइनचा ६७३.३ चा पीक ६७२.३ झालाय. डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेन) काढलेला माल हिरवट. चुकतंय कुठे?

उत्तर १:
६७२.३ हे तुमचं अल्काइन नाहीच, तो ग्लेझर डायमर आहे. दोन अल्काइन जुळताना दोन हायड्रोजन जातात, मास होतो १३४२.६. त्यावर दोन प्रोटॉन बसले की एलसी-एमएसवर ६७२.३ दिसतो. झूम करून बघा, आयसोटोप ०.५ च्या अंतराने असतील. त्यातला तिसरा नेमका ६७३.३ वर पडतो, म्हणून घोळ होतो. रिटेन्शन टाइमही पुढे गेलेला असेल.

कारण हवेतला ऑक्सिजन. अ‍ॅस्कॉर्बेट त्यातच संपतं आणि तांबं परत दोन-व्हॅलन्सीवर जातं. अल्काइन ३३.६ मिग्रॅ आणि अझाइड १.१ इक्विव्हॅलंट १ मिली मिश्रणात घेऊन १५ मिनिटं आर्गॉन सोडा. १०० मिलिमोलर कॉपर सल्फेट ५० मायक्रोलिटर आणि टीएचपीटीए (तांब्याचा लिगँड) ४.३ मिग्रॅ वेगळ्या व्हायलमध्ये आधी एकत्र करा, मग ते घाला. शेवटी ताजं विरघळवलेलं अ‍ॅस्कॉर्बेट, ५ मिग्रॅ. पिवळसर झालेलं जुनं द्रावण वापरूच नका.

उत्तर २:
हिरवट रंगाचं वेगळं कारण आहे. पेगचे ऑक्सिजन आणि नवा ट्रायझोल मिळून तांबं धरून ठेवतात, नुसत्या पाण्याने ते सुटत नाही. ०.१ मोलर डायसोडियम ईडीटीएने (तांबं ओढून घेणारं रसायन), पीएच ७, तीन वेळा धुवा. मग थायोल-सिलिका (उरलेलं तांबं पकडणारी पूड) घालून ढवळा, आणि त्यानंतरच सी-१८ प्रेप (कॉलमवर शुद्धीकरण). हे टाळू नका: उरलेलं तांबं पेशींना मारतं आणि तो परिणाम लक्ष्य प्रथिनाचं डिग्रेडेशन वाटू शकतो. उद्या व्हीएचएल लिगँडऐवजी पोमॅलिडोमाइड घ्याल तेव्हा पीएच ८ च्या वर जाऊ नका, ग्लुटारिमाइडचं रिंग उघडतं.

उत्तर ३:
मागच्या, म्हणजे अमाइनला अ‍ॅसिड जोडण्याच्या, पायरीतही एक पीक तपासा: ५२९.३. तो असेल तर एचएटीयू (ही जोडणी घडवणारं रसायन) सरळ अमाइनवर बसलंय (अमाइनचे ४३१.२ अधिक ९८). अ‍ॅसिड १.०५, एचएटीयू १.०, डीआयपीईए (बेस) ३ इक्विव्हॅलंट डीएमएफ या द्रावकामध्ये पाच मिनिटं राहू द्या, अमाइन त्यानंतर.

पेगची संख्या सगळे पुरवठादार सारखी मोजत नाहीत. तुमच्या अ‍ॅसिडचा रेणुभार २६०.३ हवा. ३०४ असेल तर एक युनिट जास्त आहे.

आणि लिंकरच्या, म्हणजे दोन टोकांमधल्या साखळीच्या, लांबीचा विचार आत्ताच करा. डंडीतल्या चमूच्या २०१५ च्या एमझेड१ या प्रोटॅकमध्ये फक्त पेग३ आहे, ट्रायझोल नाही, तरी बीआरडी४ या लक्ष्य प्रथिनाला ते बीआरडी२ आणि ३ पेक्षा जास्त ओढतं. अझाइडच्या बाजूलाही पेग असेल तर तुमचा लिंकर त्याच्या जवळपास दुप्पट होईल. पेग१ ते पेग४ समांतर बनवा. डोस १ नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर ठेवा, नाहीतर हुक इफेक्ट (डोस खूप वाढला की परिणाम उलट कमी होणं) दिसणारच नाही. कंट्रोल म्हणून हायड्रॉक्सीप्रोलिनचा सिस एपिमर (व्हीएचएलला न चिकटणारं रूप) घ्या, त्याच लिंकरसह.