सर्वेक्षणवाले दारात आले तेव्हा तुमच्या घरात काय सांगितले गेले?

डिचोलीहून
गेल्या आठवड्यात घरखर्चाच्या सर्वेक्षणासाठी एक मुलगी टॅब घेऊन आमच्या दारात आली आणि मला २०१३ साल आठवले. आदल्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद पडल्या होत्या, बाबांचा खनिज वाहणारा ट्रक अंगणात उभा होता आणि हप्ते मात्र चालूच होते. तेव्हाही एक गृहस्थ आले होते; कर्ज किती, कोणाकडून, व्याज काय, असे एकेक विचारत होते. बाबा खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "रीण-बीण कांय ना, सगळें बरें आसा." आईने पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता खिडकीतली दुकानदाराच्या उधारीची वही उचलली आणि वर्तमानपत्राखाली सरकवली. वहीचा लाल कोपरा बाहेर राहिला होता आणि मी त्याच्याकडेच बघत बसले होते. तुमच्याकडेही असे घडले असेल तर जरूर लिहा. आपण काय सांगतो आणि काय गिळतो, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

माजी प्रगणक, काणकोण
ताई, ती सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची कर्ज आणि गुंतवणुकीविषयीची फेरी असावी. तिच्यात देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे ३१ टक्के कर्जात असल्याचे आले आणि २०१९ च्या फेरीत ते प्रमाण ३५ टक्के झाले. तुमच्या बाबांसारखी उत्तरे मी कितीतरी घरांत लिहून घेतली आहेत, कारण सांगितले तेच लिहायचे असते. बँकेचे कर्ज लोक सांगत, सोनाराकडचे सांगताना आवाज खाली जाई आणि दुकानातली उधारी बहुतेक सांगतच नसत. घरखर्चाच्या पाहणीत मासळीचे मात्र कोणी लपवले नाही. तिचा खर्च मागच्या सात दिवसांचा विचारतात, त्यामुळे जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असताना गेलो की सुक्या बांगड्यांचा हिशेब मिळे. म्हणून तर ही पाहणी वर्षभर विभागून घेतात.

फोंड्याहून
दिवसाचा वेळ कशात जातो, असे विचारायला आले तेव्हा माझ्या वतीने यजमानांनीच "ती घरीच असते" असे सांगून टाकले. मी आत खोबरे वाटत होते आणि सगळे ऐकत होते. २०२४ च्या त्या पाहणीत आपल्याच घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची रोजची २८९ मिनिटे आणि पुरुषांची ८८ मिनिटे आली, तेव्हा मी ते कात्रण फ्रिजवर लावले. अजून तिथेच आहे.

म्हापशाहून
मुंबईला भावाकडे असताना रिझर्व्ह बँकेच्या पाहणीवाल्यांनी तीन महिन्यांनी आणि वर्षाने भाव कसे असतील, असे विचारले. वहिनीने नारळ आणि तेल यांवरूनच सगळे उत्तर दिले, आणि मला ते बरोबर वाटले. बाकी, आज शुक्रवारच्या बाजारात कोणी गेले असेल तर नारळाचा भाव सांगा, मला संध्याकाळी जायचे आहे.

साखळीहून
माझा मुलगा पदवीनंतर चार वर्षे सरकारी भरतीचे अर्ज भरतो आहे. संध्याकाळी मामाच्या दुकानात बसतो आणि मामा त्याला थोडे पैसे देतो, असे मी रोजगाराच्या पाहणीवाल्यांना सांगितले. आठवड्यात एक तास काम झाले तरी त्या आठवड्यापुरता माणूस कामावर धरतात, हे मला नंतर कळले. त्याच्यासारखी मुले अशी मोजली जाऊनही गोव्याचा बेरोजगारीचा दर देशापेक्षा बराच वर येतो, याने मला रात्री झोप लागत नाही. मी उत्तर बदलायला हवे होते का, प्रगणकबाब?

माजी प्रगणक, काणकोण
नाही. तुम्ही खरे तेच सांगितलेत. तो काम शोधतो आहे, हेही सांगितले असेल तर मागच्या वर्षभराविषयीच्या प्रश्नांत त्याची नोंद वेगळी होऊ शकते.

डिचोलीहून
ट्रक २०१४ मध्ये विकला आणि उधारी त्यानंतर वर्षभराने फिटली. या वेळी त्या मुलीला बाबांनी स्वतः आत बोलावले आणि विजेचे बिल काढून दिले. औषधांचा खर्च विचारल्यावर मात्र ते आईकडे बघून थांबले. ती पुढच्या फेरीला पुन्हा येणार आहे.