जमीन परत मिळाली ती कायद्याने की चळवळीने?

प्रश्न: शहाद्याची विद्यार्थिनी

नमस्कार. मी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला, हे आम्हाला शिकवले जाते. परंतु त्याआधीच आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना यांच्या चळवळीने शहादे-तळोदे भागात हाच प्रश्न ऐरणीवर आणला होता. मग न्याय कायद्याने दिला म्हणावे की चळवळीने? आणि कायदा झाल्यानंतरही काही शेते जुन्याच कसणाऱ्याकडे का राहिली?

उत्तर १: निवृत्त तलाठी, तळोदे

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावरच दिसते. जमीन परत देण्याचा आदेश झाला की फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर मूळ आदिवासी खातेदाराचे नाव चढते. परंतु ज्या माणसाने मधली दहा-पंधरा वर्षे सालदारकी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात चाकरी केली, त्याच्याकडे ना बैलजोडी असते ना बियाणे, आणि ज्याच्याकडून जमीन परत घेतली त्याच्याच घरी त्याची उचल थकलेली असते. परिणामी तीच जमीन तोंडी बोलीवर निम्म्या बटाईने पुन्हा त्या जुन्या कसणाऱ्याकडेच जाते. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि धान्य दुसऱ्याच्या खळ्यात, हा प्रकार मी नोकरीत जवळून पाहिला आहे. पीकपाहणीला गेल्यावर शेत कोण करतो असे विचारले, तर खातेदार आधी बांधावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडे पाहत असे आणि मगच "मीच करतो" म्हणत असे. या अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांना अर्जाची वाट न पाहता स्वतः होऊनही कारवाई करता येत होती, पण बैल पुरवण्याचे कलम त्यात कोठून असणार? ते काम पतपुरवठ्याचे, म्हणजे शेवटी राजकारणाचेच होते, आणि आपल्याकडच्या सोसायट्या कोणाच्या हातात होत्या हे तुम्हाला सांगायला नको.

उत्तर २: वकील, नंदुरबार

तलाठीभाऊंचे म्हणणे मान्य आहे. तरीही कायदा कसा लिहिला आहे याने फार फरक पडतो, असे माझे मत आहे. १९७४ च्या कायद्यात सर्व सूत्रे महसूल खात्याकडे होती. २००६ च्या वन हक्क कायद्याने वनजमिनीवरील हक्काचे दावे स्वीकारण्याचा व तपासण्याचा पहिला अधिकार ग्रामसभेला दिला. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पाड्यावरच्या माणसाकडे जुना कागद सापडणे दुर्मीळ असते, कारण ज्या जमिनीवर तो आजोबांपासून पेरतो ती सरकार दरबारी राखीव वन म्हणून नोंदलेली असते. या कायद्याच्या नियमांनी दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून मान्य केला. त्यामुळे पाड्यावरचा म्हातारा बांध, महूचे झाड, जुने घर दाखवत फिरतो आणि ग्रामसभेने निवडलेली वन हक्क समिती ते टिपून घेते, ही कायदेशीर कार्यवाही ठरते. शिवाय विवाहितांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याची सक्ती आहे, जी एखाद्या गावपंचायतीने आपणहून केली असती असे मला वाटत नाही.

अर्थात संघटना नसेल तर हा जबाब लिहून कोण घेणार? जेथे कार्यकर्ते वर्षानुवर्षे बसून होते तेथील दावे नीट तयार झाले, आणि जेथे ग्रामसेवकाने एका दुपारी सह्या गोळा केल्या तेथील दावे पुढे टिकले नाहीत. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्यासंबंधी आदेश दिला. देशभर ओरड झाली, केंद्र सरकार न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. या पंधरवड्यात कायदा कोठे संपला आणि राजकारण कोठे सुरू झाले, हे मला वकील असूनही सांगता येणार नाही.

उत्तर ३: शेतकरी, साक्री

कायद्याशिवायही शिस्त राहते, हे आमच्या पांझरा नदीकाठाने फार काळ दाखवले आहे. सामुदायिक सिंचनाच्या फड पद्धतीत बंधाऱ्याच्या पाटाखालचे क्षेत्र फडांत वाटलेले असते, एका फडात एकच पीक घेतात, पाणी पाटकरी सोडतो, राखणीला जागल्या असतो आणि तंटा शेतकऱ्यांचे पंच मिटवतात. परंतु तेथे पाण्याचा हक्क जमिनीबरोबर येत असे. ज्याला जमीन नाही, त्याला पंचांत स्थान नव्हते. व्यवस्था उत्तम होती, न्यायाबद्दल मी तसे म्हणणार नाही.

पुन्हा विद्यार्थिनी

आबा, ही बाजू आमच्या पुस्तकात नाही. वकीलसाहेब, ग्रामसभेने मंजूर केलेला दावा वरच्या (उपविभाग किंवा जिल्हा पातळीवरच्या) समितीने परस्पर नाकारला, तर काय करता येते?

वकील, नंदुरबार

२०१२ च्या सुधारित नियमांनुसार वरच्या समितीला ग्रामसभेची शिफारस पटली नाही, तर तिने दावा कारणांसह फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. केवळ उपग्रह छायाचित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा नाकारता येत नाही, कारण तंत्रज्ञानाचा पुरावा इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारा नाही. नकाराचा लेखी आदेश आधी मागून घ्या, कारण तोंडी नकारावर अपील करता येत नाही, आणि कार्यालयातून "नंतर या" एवढेच उत्तर मिळाले तर मागणीचा अर्ज आवकमध्ये देऊन पोच घ्या. पाड्यावरचे आठ-दहा जण बरोबर नेलेत तर ती पोच सहसा त्याच दिवशी मिळते.